वह्या पोत्यात, पॅटर्न भंगारात

वाचक भगिनीचं पत्र, थोडं आवरून:

"आम्ही बेळगावात अनगोळला राहतो. माझे मिस्टर आणि धाकटे दीर, दोघांची मिळून उद्यमबागेत फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना. भागीदारी निम्मी-निम्मी. मिस्टर आठ महिन्यांपूर्वी अचानक गेले, मृत्युपत्र वगैरे काही नाही. तेरावा झाल्यावर भाऊजींनी दोन लाख रुपये हातात ठेवले आणि एका स्टँप पेपरवर सही घेतली. मजकूर कन्नडमध्ये होता, मला कन्नड वाचता येत नाही. त्यानंतर हिशेब विचारला की 'बघूया की वहिनी' एवढंच उत्तर. परवा मोल्डिंगवरचा एक जुना कामगार घरी येऊन सांगून गेला, 'वहिनी, मालक जुने पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचे साचे पाडतात ते नमुने) भंगारात घालायलेत. वह्या पोत्यात भरून ठेवल्यात, ऑफिसातला कॉम्प्युटर पण बदलणार म्हणायलेत.' मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, शटरची एक किल्ली आपल्याकडे आहेच, रविवारी रात्री जाऊन कॉम्प्युटर उचलून आणू. सिव्हिल कोर्ट पोलिसांसारखी झडती घेऊ शकतं का? की दावा उभा राहीपर्यंत सगळं जळून जाणार? आणि त्या स्टँप पेपरचं वकिलाला सांगू की नको?"

ताई,

आधी किल्लीचं बोलतो, कारण रविवार जवळ आहे. मुलाला आजच फोन करून सांगा, किल्ली आहे तिथेच राहू दे. रात्री शटर उघडून कॉम्प्युटर उचललात तर सोमवारी सकाळी भाऊजी पोलीस ठाण्यात असतील आणि चोरीची तक्रार तुमच्या मुलावर असेल. निम्मी भागीदारी होती हे खरं, पण ते तुम्हाला ठाण्याच्या बाकावर बसून समजावत बसावं लागेल. त्याहून मोठं नुकसान पुढे आहे. त्या मशीनमधला टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा त्या रात्रीपासून तुमच्या कामाचा राहत नाही. भाऊजींचे वकील कोर्टात एकच वाक्य बोलतील, "मशीन यांच्याकडे होतं, आकडे यांनीच बदलले." मग तुम्ही काय दाखवणार?

आता झडतीचं. पोलिसांसारखी झडती सिव्हिल कोर्ट घेत नाही. पण वस्तू आहे तशी राहावी म्हणून कोर्ट आपला माणूस पाठवू शकतं, आणि गरज पटली तर समोरच्याला आधी न कळवताही पाठवू शकतं. इंग्लंडात अशा हुकमाला १९७५ सालच्या एका खटल्यावरून 'अँटन पिलर' असं नाव पडलं. ती एक जर्मन कंपनी. तिच्या इंग्लंडमधल्या एजंटांनीच तिची गुपितं तिच्या स्पर्धकांना पोचवल्याचा संशय होता. नोटीस दिली असती तर कागद रातोरात नाहीसे झाले असते. लॉर्ड डेनिंग यांच्या कोर्टाने समोरच्याला न ऐकताच हुकूम दिला. गंमत अशी की त्या हुकमातही दार फोडायची मुभा नव्हती. "यांना आत येऊ द्या" अशी आज्ञा प्रतिवादीला होती, आणि नाही येऊ दिलं तर कोर्टाचा अवमान. त्या निकालात तीन गोष्टी मागितल्या गेल्या: दावा वरवर पाहताच अतिशय भक्कम हवा, होणारं नुकसान गंभीर हवं, आणि कागद समोरच्याकडेच आहेत नि तो ते नष्ट करण्याची खरी शक्यता आहे याचा स्पष्ट पुरावा हवा.

आपल्याकडे अर्जात इंग्लंडचं नाव घातलं नाही तरी अडत नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ३९, रूल ७ आहे. दाव्यातली वस्तू राखून ठेवणं, तिची पाहणी करणं आणि त्यासाठी समोरच्याच्या जागेत कोणाला तरी शिरायला परवानगी देणं, हे सगळं त्यात बसतं. लगतचा रूल ८ म्हणतो की आधी नोटीस द्या, पण उशिराने अर्जाचा हेतूच बुडणार असेल तर नोटीस न देताही हुकूम करता येतो. पाठवायचा माणूस म्हणजे कोर्ट कमिशनर, बहुतेक वेळा एखादा वकीलच. त्याची तरतूद ऑर्डर २६ मध्ये. फक्त एक, दावा दाखल झाल्याशिवाय यातलं काही मिळत नाही. दावा आणि हा अर्ज (आपल्याकडे कोर्टात त्याला आय.ए. म्हणतात) एकाच दिवशी गेले पाहिजेत.

इथे बरेच जण घसरतात. कमिशनरचा अर्ज वाचला की समोरचा वकील हमखास उभा राहतो, "पुरावा गोळा करायला कमिशनर नेमता येत नाही." आणि अर्ज तसा लिहिलेला असेल तर न्यायाधीश मान डोलावतात. तुमच्या अर्जात 'शोधा' हा शब्दच नको. आहे ते मोजा, त्याची यादी करा, नक्कल घ्या, मूळ वस्तू जागेवर राहू द्या, एवढंच मागा. मागणी जितकी लहान तितकी नोटीस न देता मिळण्याची शक्यता जास्त, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. पहिल्याच दिवशी "फाउंड्रीला सील ठोका, रिसीव्हर (मालमत्ता सांभाळणारा कोर्टाचा माणूस) नेमा" म्हणणाऱ्याच्या हाती बहुधा पुढची तारीख लागते. आणि सील ठोकून तुमचाच तोटा आहे. भट्टी बंद पडली, पगार थकले, गिऱ्हाईक दुसऱ्याकडे गेलं, की निम्मं नुकसान तुमच्या वाट्याचं.

कारण ती भट्टी अजून थोडी तुमचीही आहे. दोघांच्याच भागीदारीत एक गेला की भागीदारी तिथेच संपते. एकट्याची भागीदारी असू शकत नाही. हिशेब मागण्याचा दावा त्या दिवसापासून तीन वर्षांत करायचा. तुमचे आठ महिने गेलेत. शिवाय १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ३७ बघा. हिशेब न मिटवता राहिलेला भागीदार त्याच मालमत्तेवर धंदा चालवत असेल, तर गेलेल्याच्या वारसांना त्यांच्या हिश्शामुळे झालेल्या नफ्याचा वाटा किंवा सालाना सहा टक्के व्याज, यातलं एक निवडता येतं. म्हणजे जुन्या वह्या जितक्या महत्त्वाच्या, तितकंच या आठ महिन्यांतलं बिलबुकही. फर्म रजिस्टर केलेली नव्हती म्हणून कोणी घाबरवलं तर घाबरू नका. संपलेल्या फर्मचा हिशेब मागायला ती अडचण येत नाही.

न्यायाधीश तुमच्या वकिलांना पहिला प्रश्न विचारतील, "नष्ट करतायत हे कशावरून?" यावर "आम्हाला कळलंय" हे उत्तर चालत नाही. त्या कामगाराचं प्रतिज्ञापत्र असलं तर अर्जाचं वजन दुप्पट होतं. पण त्याची नोकरी तिथे आहे, आणि उद्यमबागेत कोण कोणाकडे बोललं हे चहाच्या टपरीवर संध्याकाळपर्यंत कळतं. त्याला गळ घालू नका. वाटेल ते करून सही घ्या असं सांगणारे वकील भेटतील, मी त्यांच्यातला नाही. तो तयार नसेल तर दुसरं बघा. पॅटर्न नेणारा टेम्पो रस्त्यावरून दिसतो. फोटो काढा, तारीख-वेळ फोनमध्ये आपोआप राहते, तो फोटो कोणाला व्हॉट्सॲपवर पाठवून मूळ पुसू नका. भाऊजींचे "बघूया की" वाले मेसेज असतील तर तेही तसेच ठेवा.

आता स्टँप पेपर. हा तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न होता, पण मला तोच सगळ्यात मोठा वाटला. सांगा. वकिलांना सांगा आणि दाव्यातही लिहायला लावा, पहिल्या दोन पानांत. समोरच्याला न ऐकता हुकूम मागणारा माणूस कोर्टाला म्हणत असतो, "त्यांची बाजूही मीच सांगतो." मनाई हुकूम एकतर्फी घेताना जाणूनबुजून खोटं किंवा दिशाभूल करणारं लिहिलं असेल, तर तो हुकूम उठवावा असं ऑर्डर ३९, रूल ४ मध्ये स्पष्ट आहे. अपुऱ्या कारणावर मनाई घेतली म्हणून पन्नास हजारांपर्यंत भरपाई बसवण्याचीही सोय त्याच संहितेच्या कलम ९५ मध्ये आहे. तो कागद भाऊजींच्या कपाटात आहे. पहिल्या तारखेला तो बाहेर येणारच. तुमच्या तोंडून आला तर "दुःखात असताना, न वाचता येणाऱ्या भाषेत, दोन लाख देऊन सही घेतली" अशी ती हकीकत होते. त्यांच्या वकिलाच्या हातून आला तर "बाईंनी सगळा हिशेब चुकता घेतला आणि कोर्टापासून लपवला". कागद तोच.

दोन लाख रोख मिळाले की चेकने, सही करताना कोण हजर होतं, मजकूर कोणी वाचून दाखवला का, पेपरची झेरॉक्स दिली का, हे आठवेल तसं आजच मराठीत लिहून काढा. आणि हो, तुमचं प्रतिज्ञापत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत टाइप होईल. ते तुम्हाला मराठीतून वाचून, समजावून सांगितलं अशी नोंद त्यावर घ्यायला लावा. न कळणाऱ्या कागदावर सही घेतली म्हणून भांडायचं आणि दुसऱ्या न कळणाऱ्या कागदावर सही करून यायचं, असं होऊ नये. फाउंड्रीच्या जुन्या वह्या मराठीत असतील तर त्यांचं भाषांतर लागेल. हे काम आपल्या भागातल्या वकिलांना नवं नाही. १९५६ च्या आधीचे मुंबई इलाख्यातले कागद, मोडीतलेसुद्धा, इथल्या दाव्यांत आजही येतात.

दुसरी लपवू नये अशी गोष्ट म्हणजे तुमच्या सासूबाई. मृत्युपत्र नाही म्हणता. मग हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तुम्ही, मुलं आणि त्यांची आई, सगळे सारखे पहिल्या वर्गातले वारस. बायकोमुलांपुढे आईला हिस्सा नसतो असा समज घरोघरी आहे, तो चुकीचा. सासूबाई धाकट्याकडे राहत असतील असं धरून चालतो. त्या तुमच्याबरोबर वादी व्हायला तयार नसतील तर प्रतिवादी करा, पण दाव्यात त्यांचं नाव असू दे.

सावधगिरी कुठे लागते तेही सांगतो. आपल्याकडे भांडण लागलं की पहिली गोष्ट म्हणजे वकिलाची खरमरीत नोटीस, पोस्टाने. तुमच्या बाबतीत ती पाठवणं म्हणजे पोत्यातल्या वह्या पेटवायला काडी देणं. मृत्यूने भागीदारी आपोआप संपली, ती संपवायला नोटीस लागत नाही. भाऊजींनी आधीच कॅव्हेट, म्हणजे 'आम्हाला न कळवता हुकूम करू नका' असा अर्ज, घातलंय का ते कोर्टात चौकशी करून घ्या. कलम १४८अ चं कॅव्हेट नव्वद दिवस चालतं, आणि ते असेल तर त्यांना कळवल्याशिवाय अर्ज चालणार नाही. भागीदारीचा वाद तीन लाखांच्या वरचा असला तर व्यापारी कोर्टाचा कायदा लागतो, आणि त्यात दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाटील ऑटोमेशनच्या निकालात ते पक्कं केलं. पण तातडीचा अंतरिम हुकूम खरोखर हवा असेल तर ती पायरी सोडता येते. खरोखर, बरं का. नुसतं मध्यस्थी टाळायला लिहिलेली तातडी कोर्टाच्या लक्षात येते.

आता अर्जाला जोडायची यादी. माझ्या उमेदीच्या काळातली एक चूक सांगतो, म्हणजे मी यादीवर का अडून बसतो ते कळेल. निपाणीकडचा तंबाखूचा धंदा, भावाभावांचं भांडण. मी अर्जात ऐटीत लिहिलं, "सर्व कागदपत्रे". कमिशनर गेले आणि महजर (जागेवरचा पंचनामा) करून नऊ पोती घेऊन आले. त्यात जुनी वर्तमानपत्रं होती, लग्नपत्रिका होत्या, विड्यांच्या लेबलांचे गठ्ठे होते. हवी ती खतावणी गल्ल्याखालच्या खणात राहिली, कारण ती लाल कापडी बांधणीची, अमुक सालांची, असं मी कुठे लिहिलंच नव्हतं. ती पुन्हा कोणाला दिसली नाही. फी माझ्या अशिलाने भरली होती.

म्हणून तुम्ही मिस्टरांच्या शेजारी बसून पाहिलेलं सगळं आठवा. वह्या कुठल्या कपाटात असायच्या, कीर्द-खतावणी हाताने लिहायचे ते कुठल्या सालापर्यंत, टॅली कधीपासून, कॉम्प्युटर टेबलाच्या कुठल्या बाजूला. पॅटर्नचं तर फार नीट करा. लाकडी कुठले, अॅल्युमिनियमचे कुठले, त्यावर नंबर कसे ठोकलेले असतात, कुठल्या रॅकवर. आणि त्यातले फर्मचे कुठले आणि गिऱ्हाइकांचे कुठले ते वेगळं काढा, कारण फाउंड्रीत निम्मे पॅटर्न कास्टिंग करून घेणाऱ्या कंपन्यांचे असू शकतात. त्यांचा पॅटर्न कमिशनरने अडकवला तर उद्या तिसराच माणूस कोर्टात उभा राहील आणि तुमचा अर्ज त्याच्या भांडणात रखडेल. पॅटर्न हलवायची गरजही नाही. मोजा, फोटो काढा, नंबर टिपा. भंगारात किलोवर जाणाऱ्या लाकडी पॅटर्नची खरी किंमत त्याच्या मापात असते, हे कमिशनरला माहीत असेलच असं नाही. म्हणून पॅटर्न ओळखणारा एखादा जाणकार बरोबर नेण्याची परवानगी मागा. कमिशनरला द्यायच्या सूचनांचा मेमो तुमच्या वकिलांकडून वेळेत जाऊ दे.

कॉम्प्युटरची पूर्ण नक्कल नव्या हार्ड डिस्कवर घ्यायची, दोन प्रती, एक कोर्टात सीलबंद. त्या वेळी हॅश व्हॅल्यू काढून महजरात लिहायची. तो आकड्या-अक्षरांचा ठसा असतो. डेटात एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खाली जे प्रमाणपत्र लागतं, त्याच्या नमुन्यातच हॅशची जागा आहे. असं प्रमाणपत्र नसल्यामुळे काय होतं ते जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात, खोतकर-गोरंट्याल प्रकरणात, २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सविस्तर सांगितलंय. गेटवरच्या कॅमेऱ्याचा डीव्हीआर असेल तर त्याचं नाव यादीत सगळ्यात वर, कारण त्यातलं जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. त्यासाठी कोणाला काडी लावावी लागत नाही.

पोती भाऊजींच्या घरी हलवली असतील तर? तेही कोर्टाला सांगा, पण घर म्हणजे फाउंड्रीचं शेड नव्हे. राहत्या घरात सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी शिरता येत नाही, बायकांच्या खोल्यांचे वेगळे नियम आहेत. कमिशनर दिवसाउजेडी, कामाच्या दिवशी फाउंड्रीत जातील असं मागा. तुम्ही बरोबर जाऊ शकता, पण हात मागे बांधून. एकही कागद उचलायचा नाही, भाऊजींशी वाद घालायचा नाही. अडवाअडवीची भीती असेल तर पोलिसांच्या मदतीची परवानगी त्याच हुकमात मागून ठेवा. कमिशनरच्या अर्जाबरोबर "काहीही नष्ट करू नये, हलवू नये" असा मनाईचा अर्जही घाला. तो मोडला तर मालमत्तेवर जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते.

आणि समजा, हुकूम मिळायच्या आत पोती पेटलीच. तरी सगळं संपत नाही. फर्मचे जीएसटी रिटर्न आणि ई-वे बिलं पोर्टलवर आहेत. जीएसटीच्या वह्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून बहात्तर महिने ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, त्यामुळे "रद्दी होती म्हणून दिली" हे सांगणंच त्यांना जड जाईल. बँकेचे उतारे बँकेत आहेत. मिस्टरांच्या इन्कमटॅक्स रिटर्नच्या प्रती सीए कडे मिळतील. आणि भट्टी विजेची असेल तर हेस्कॉमची बिलं. टनामागे किती युनिट जातात हे उद्यमबागेतला कोणीही जुना मेल्टर सांगेल, मग वहीत नसलेलं उत्पादनही बिलातून डोकावतं. हे सगळं दाव्यात पुढे कोर्टामार्फत मागवता येतं. हातातला पुरावा जो पुढे करत नाही, त्याच्याविरुद्ध कोर्ट अनुमान काढू शकतं, हे तत्त्व नव्या कायद्यातही कायम आहे.

वकिलांकडे जाताना एवढं घेऊन जा: मृत्यूचा दाखला, भागीदारीचं डीड मिळालं तर, मिस्टरांची मागच्या तीन-चार वर्षांची रिटर्न, त्या दोन लाखांची बँकेतली नोंद असेल तर पासबुक, आणि तुम्ही हाताने लिहिलेली ती यादी. फोनही, मेसेज न पुसता.

सासूबाईंना आधी सांगू का, असं तुमच्या मनात येईल. दाव्याआधी नको. एका घरात राहणारी आई मुलापासून गोष्ट लपवेल अशी अपेक्षा करणं हा तिच्यावरच अन्याय आहे. पण कमिशनर जाऊन आले, यादीवर सह्या झाल्या, की त्याच संध्याकाळी तुम्ही स्वतः जा. कोर्टाचं समन्स घेऊन बेलीफ दारात येण्याआधी. "तुमचाही हिस्सा मागितलाय" हे त्यांना तुमच्या तोंडून कळू दे.